वय २९, वरचा जबडा अरुंद : टाळूत स्क्रू की सरळ ऑपरेशन?

उद्यमनगर_९६

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय २९, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहे. लहानपणापासून उजव्या बाजूचा चावा उलटा, म्हणजे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. डब्याचं झाकण डब्यापेक्षा लहान निघालं की कसं आत घुसतंय, तसं. जेवताना खालचा जबडा उजवीकडं सरकवल्याशिवाय दाढा जुळतच नाहीत, इतकी वर्षं ते अंगवळणी पडलेलं, खरं आता उजव्या कानापुढं कटकट आवाज यायला लागलाय आणि दोन दाढांची टोकं झिजून सपाट झाल्यात. नाक वर्षातले दहा महिने बंद, तोंड उघडं टाकून झोपतोय. नववीत असताना शाळेत दातांची तपासणी झालेली, तेव्हा डॉक्टरनी टाळूला प्लेट बसवा म्हणून चिठ्ठी दिली होती. आमचे पप्पा म्हणाले दात तर सरळ हायत की, कशाला खर्च. चिठ्ठी कुठं गेली अंबाबाईला ठाऊक.

आता गोंधळ असा झालाय की तीन ठिकाणी गेलो आणि तीन उत्तरं आली. राजारामपुरीतल्या डॉक्टरनी सांगितलं टाळूत चार बारीक स्क्रू मारून त्यावर एक्सपांडर (किल्लीनं फिरवून जबडा रुंद करायची पट्टी) बसवू, त्याला मार्पी म्हणतात, भूल फक्त तेवढ्या जागेची, त्याच दिवशी घरी. सांगलीत दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले २९ वय, त्यात पुरुष, स्क्रूचा भरवसा धरू नका, सार्पी करू, म्हणजे पूर्ण भूल देऊन ऑपरेशननं जबड्याचं हाड सैल करायचं आणि मग एक्सपांडर फिरवायचा. तिसऱ्या ठिकाणी एसी फुल, कॉफी पण दिली, म्हणाले दोन्ही नको, पारदर्शक अलाईनरनं (दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या खोळी) रुंद करतो, काही कळणार पण नाही.

मार्पीचा आकडा ऑपरेशनच्या निम्म्याहून कमी आहे. आई म्हणते तोंडाला सुरी लावायची नाही. स्थळं बघायला सुरू आहेत ते वेगळंच. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात कुणी हे केलंय का? दोन्हीतलं कुठलं बरं?

तालमीतला_गडी

भावा कशाला पैसे घालवतोस, जीभ टाळूला दाबून धर दिवसभर, म्यूइंग म्हणतात त्याला, व्हिडिओ बघ. मी दोन महिने करायलोय, फोटोत लई फरक दिसायलाय.

मिरज_कोल्हापूर_पॅसेंजर

@तालमीतला_गडी दोन महिन्यांत दाढी वाढवलीस मर्दा, फरक त्याचा हाय.

पाचगाव_टेकडी

मी मार्पी केलंय, २५ व्या वर्षी. (बाई आहे, पुढं "मी गेलो, मी बसलो" वाचून गोंधळू नका, आमच्या घरात सगळ्या बायका असंच बोलतात.)

उद्यमनगर, तुला घाबरवत नाही, खरं "त्याच दिवशी घरी" हे ऐकून एकदम सोपं वाटतंय ना, तेवढं सोपं पण नाही. आधी दातांचं माप घेतलं, दाढांना रिंगा बसवल्या, आठ दिवसांनी पट्टी तयार होऊन आली. टाळूत भुलीची सुई टोचतात तेवढाच काय तो वाईट प्रकार, डोळ्यातनं पाणी आलं. स्क्रू मारताना दुखत नाही, दाब लागतो आणि हाडातनं करकर आवाज येतो, तो कानानं नाही तर आख्ख्या डोक्यानं ऐकू येतो. माझ्या डॉक्टरनी सांगितलं की स्क्रू टाळूचं हाड पार करून नाकाच्या बाजूच्या कडक थरात पण रुतला पाहिजे, दोन्ही थर धरले तरच तो वाकत नाही, म्हणून स्क्रू किती लांब लागणार ते स्कॅनवर मोजून ठरवतात.

मग किल्ली. छोटा पाना असतो तारेचा. माझा भाऊ मोबाईलची बॅटरी लावून रोज सकाळी एक आणि रात्री एक फिरकी द्यायचा, मी पलंगावर आडवी, मान कडेवरनं खाली सोडून. माझ्या एक्सपांडरात एक फिरकी म्हणजे साधारण ०.१३ मिमी, काहींच्यात ०.२५ असते, त्यामुळं दुसऱ्याच्या फिरक्या मोजून आपली तुलना करत बसू नये, मी बसलो होतो आणि उगाच आठवडाभर झोप घालवली. पहिले पंधरा दिवस काही म्हणजे काही नाही. फक्त दाढा ठसठसायच्या आणि नाकाच्या मुळाशी सर्दीसारखं जड. सोळाव्या रात्री आमटी-भात खात होतो आणि दोन डोळ्यांच्या मधे टच्च झालं. दुखलं नाही, पण घास तसाच तोंडात धरून बसलो. सकाळी पुढच्या दोन दातांत कागद जाईल एवढी फट. आई रडायला लागली, डॉक्टरांना फोटो पाठवला तर त्यांनी पेढे कधी देताय विचारलं, कारण ती फट म्हणजेच मधला सांधा उघडल्याची खूण. तिथनं पुढं रोज एकच फिरकी.

फट वाढत वाढत काडेपेटीची काडी जाईल एवढी झाली. त्याच महिन्यात चुलतबहिणीचं लग्न कागलला, सगळ्या म्हाताऱ्या हनुवटी धरून "फटीचे दात, नशीबवान हाय पोरगी", आता कुणाकुणाला सांगू की नशीब नाही किल्ली आहे ती. नंतर थोडी आपोआप मिटली, उरलेली ब्रेसेसनी मिटवली.

त्रास खरा कशाचा झाला तर खाण्याचा आणि बोलण्याचा. पट्टी आणि टाळू यांच्या मधे पोह्यातली मोहरी, मेथीची काडी, मिसळीतली शेव, सगळं जाऊन बसतंय आणि जिभेला लागतंय खरं निघत नाही. दहा मिलीची सिरिंज (सुई काढून) पाण्यानं भरून फवारा मारायचा, प्रत्येक जेवणानंतर, ऑफिसात पण. मी बँकेत आहे, पहिले तीन आठवडे "साहेब सही करा" चं "थाहेब थही कला" व्हायचं. तांबड्या रश्श्याला महिनाभर हात लावला नाही. एका स्क्रूभोवती हिरडीसारखं मांस सुजून वर आलं, साफ करून औषध लावत राहिलो, तिसऱ्या महिन्यात तोच स्क्रू सैल झाला. तोवर फिरवणं संपलेलं म्हणून निभावलं.

फिरवून झाल्यावर पट्टी लगेच काढत नाहीत, मधल्या फटीत नवीन हाड भरायला वेळ लागतो, माझी सहा महिने ठेवली. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, मी एकूण ६ मिमी फिरवलं, पण दुसऱ्या सीबीसीटीत (जबड्याचा थ्री-डी स्कॅन) बघितलं तर सगळं ६ मिमी हाडात मिळालेलं नव्हतं. थोडं दाढा बाहेर कलण्यात गेलं. डॉक्टर म्हणाले असं होतंच, आधीच हिशेबात धरलं होतं.

परत वेळ आली तर करीन का? करीन. खरं मी २५ ची होतो आणि बाई आहे, हे दोन्ही माझ्या बाजूनं होतं असं डॉक्टरच म्हणाले.

मिरज_कोल्हापूर_पॅसेंजर

आता माझी दुसरी बाजू ऐक. मी दोन्ही केलंय, आधी मार्पी आणि ते फसल्यावर सार्पी. असा माणूस तुला दुसरा मिळायचा नाही, आणि मिळू पण नये.

वय ३३ होतं. एका क्लिनिकात गेलो (नाव गाव काही विचारू नका), फक्त ओपीजी काढला, तो सपाट एक्सरे असतो ना सगळ्या दातांचा, तो, आणि "होऊन जातंय की" म्हणून स्क्रू मारले. सीबीसीटी काढलाच नाही. मला पण काय माहीत, मी म्हटलं डॉक्टर आहेत. वीस फिरक्या झाल्या, तीस झाल्या, चाळीस झाल्या, पुढच्या दातात फट नाही. डोकं दुखायचं, डोळ्यांखाली दाब, आणि दाढा अशा दुखायला लागल्या की भाकरी दुधात कुस्करून खायला लागलो. "अजून थोडं फिरवा" असंच चाललेलं. शेवटी आरशात बघितलं तर पट्टी एका बाजूला झुकलेली, दोन स्क्रू वाकलेले, आणि दाढा बाहेर कललेल्या. म्हणजे हाड हललं नाही, दात हलले. एका दाढेची हिरडी तेव्हा जी खाली सरकली ती सरकलीच, आज पण गार पाणी लागतंय तिथं.

मग ते काढलं, चार महिने तसाच राहिलो, आणि दुसऱ्या ठिकाणी सार्पी केलं. त्यांनी आधी सीबीसीटी दाखवला आणि स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं की हा बघा तुमचा टाळूचा सांधा, इथं रेघच दिसत नाही, पूर्ण जुळलाय. रेघच नाही तर उघडणार काय.

ऑपरेशनचं सांगतो. पूर्ण भूल. बाहेरनं चेहऱ्यावर एक पण छेद नाही, वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरनं आतल्या आत कापतात. गालाच्या बाजूचं हाड दोन्हीकडं कापतात, मागं जबडा जिथं कवटीच्या हाडाला टेकलाय तिथनं मोकळा करतात (हे सगळेच सर्जन करतात असं नाही, माझं केलं), आणि पुढच्या दोन दातांच्या मधनं छिन्नी लावून मधला सांधा फोडतात. टेबलावरच एक्सपांडर थोडा फिरवून दोन्ही बाजू सारख्या सुटतायत का ते बघतात आणि परत मागं घेतात. जबडा पूर्ण सुटा करून खाली काढत नाहीत, तो मोठ्या ऑपरेशनमधला प्रकार.

तीन रात्री दवाखान्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड भोपळ्यासारखं, बायको म्हणाली आधारवर हा फोटो लावला तर रेशन बंद होईल. नाकातनं लाल पाणी आठवडाभर. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, ते जमवायला मला दोन दिवस लागले. खाणं म्हणजे पेज, मुगाचं कढण आणि आईनं केलेला मटणाचा अळणी रस्सा गाळून. पंधरा दिवस अळणीवर काढले, अळणीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं.

सात दिवस काही फिरवायचं नाही, जखमेत नवीन हाडाची सुरुवात व्हायला तेवढा वेळ देतात. आठव्या दिवसापासनं रोज अर्धा मिमी, सकाळी पाव संध्याकाळी पाव. आणि काय सांगू, मार्पीला चाळीस फिरक्यात जे झालं नव्हतं ते इथं तिसऱ्या दिवशी दिसलं, फट पडली. जोर पण लागला नाही, लोण्यातनं सुरी गेल्यागत. ८ मिमी केलं.

तोट्याचं पण सांगतो. वरचा ओठ आणि गाल बधिर झालेले, पाच महिन्यांत बहुतेक परत आलं, खरं नाकाच्या डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून कापसातनं हात लावल्यासारखी वाटते. पुढचा एक दात थोडा काळपट दिसायलाय, त्याची नस तपासत असतात दर वेळी. आणि कामावरनं तीन आठवडे सुट्टी.

मला विचारशील तर सार्पी सोपं नाही, खरं माझ्या वयाला तेच खात्रीचं होतं. मार्पी वाईट नाही, माझ्यावर वाईट पद्धतीनं केलं. मेडिक्लेमचं विचारशील म्हणून आधीच सांगतो, दाखल व्हायच्या आधी लेखी मंजुरी घे, माझं ऑपरेशनचं आलं, ब्रेसेसचा एक रुपया नाही.

उद्यमनगर_९६

बाप रे. पॅसेंजरदादा, ताई, एवढं लिहिलंत, आभार. सीबीसीटी माझा कुणीच काढलेला नाही अजून! तिन्ही ठिकाणी ओपीजी आणि दातांचे फोटो बघूनच सांगितलं. आणि सांगलीचे डॉक्टर "वय बघूनच कळतं" म्हणाले होते.

एक खुळचट प्रश्न, उजवीकडंच उलटा चावा आहे तर उजवी बाजूच रुंद करता येत नाही का?

तारांची_डॉक्टर

ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबडा नीट बसवणारी दंतवैद्य) आहे, नाव आणि क्लिनिक लिहीत नाही, इथं पेशंट गोळा करायचे नाहीत. तुमचं तोंड बघितलेलं नाही, त्यामुळं हे सल्ला म्हणून नाही तर काय विचारायचं ते कळावं म्हणून वाचा.

खुळचट प्रश्न नाही, उलट सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की खालचा जबडा उजवीकडं सरकवल्याशिवाय दाढा जुळत नाहीत. असं असतं तेव्हा बहुतेक वेळा वरचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखाच अरुंद असतो. दात टेकले की टोकावर टोक येतं, ते सोसत नाही म्हणून माणूस लहानपणीच खालचा जबडा एका बाजूला ढकलायला शिकतो, आणि मग उलटा चावा एकाच बाजूला दिसतो. हे तपासायला खालचा जबडा सैल सोडून, दात पहिल्यांदा कुठं टेकतात ते बघतात. तुमची हनुवटी मधोमध आहे की उजवीकडं, ते आरशात तोंड उघडताना आणि दात मिटताना दोन्ही वेळा बघा. खरोखर एकाच बाजूचं हाड कमी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं एका बाजूचं ऑपरेशन करता येतं, पण ते कमी लोकांना लागतं.

आता "वय बघूनच कळतं" याबद्दल. सांगलीच्या सहकाऱ्यांचं पूर्ण चूक नाही. वय वाढलं की मार्पीनं सांधा उघडायची शक्यता कमी होते आणि पुरुषांत ती बायकांपेक्षा कमी असते, हे आम्ही रोज बघतो. पण वय म्हणजे फक्त अंदाज. टाळूच्या मधोमध मागून पुढं जो सांधा असतो तो कुणाचा विशीच्या आधीच जुळायला लागतो आणि कुणाचा तिशी ओलांडली तरी पुरता जुळलेला नसतो. म्हणून २०१३ मध्ये अँजेलिएरी आणि सहकाऱ्यांनी सीबीसीटीवर या सांध्याचे ए ते ई असे पाच टप्पे पाडले. ए आणि बी म्हणजे सांधा लहान मुलांसारखा, सी मध्ये दोन समांतर रेघा जवळ आलेल्या आणि मधे मधे चिकटलेल्या, डी मध्ये टाळूचा मागचा भाग जुळलेला, ई मध्ये पुढचा पण, रेघ गायब. पॅसेंजर यांना स्क्रीनवर जे दाखवलं ते बहुतेक ई असणार. सी ला मार्पी करून बघायला अर्थ आहे. डी ला विचार करून, आणि ई ला मी स्वतः पेशंटचे पैसे आणि दाढा दोन्ही त्यात घालणार नाही.

तरी सीबीसीटी म्हणजे ज्योतिषाची पत्रिका नाही. मधला सांधा उघडा दिसला तरी जबडा अडकलेला असतो तो बाजूच्या खांबांवर, गालाच्या हाडाकडं जाणाऱ्या आणि मागं कवटीला टेकलेल्या. खरा विरोध तिथला. सार्पीत नेमके तेच कापतात, म्हणून पॅसेंजर यांना लोण्यातनं सुरी गेल्यासारखं वाटलं. मार्पीत ते न कापता फक्त टाळूच्या मधून जोर लावायचा असतो, त्यामुळं दोन्ही बाजूंना सारखं उघडेलच याची हमी नसते. मधला मार्ग म्हणून काही जण स्क्रू बसवताना सांध्याच्या रेघेवर बारीक भोकं पाडतात, हाड कमकुवत व्हावं म्हणून. काहींना उपयोग होतो.

अलाईनरचं थोडक्यात: त्यानं मोठ्या माणसाच्या जबड्याचं हाड रुंद होत नाही. दात बाहेर कलतात. दोन-तीन मिमी कमी असेल आणि दाढा आधीच आत कललेल्या असतील तर तेवढं पुरतं आणि चांगलं दिसतं पण. पण हाडच अरुंद असेल आणि दाढांवर बाहेरून हाडाचा पातळ पापुद्रा असेल, तर दात त्या पापुद्र्याच्या बाहेर ढकलायचे म्हणजे हिरडी उतरणार. तुम्हाला किती मिमी कमी आहे ते त्या कॉफीवाल्यांना आकड्यात विचारा, हाडात किती आणि दातात किती. आकडा सांगता आला नाही तर उठून या.

आणि एक तिसरं, जे कोणी काढलं नाही. खालचा जबडा पुढं आहे का, चेहरा वाकडा आहे का, वरचे दात हसताना फार दिसतात का? पुढं मागं चेहऱ्याचं मोठं ऑपरेशन लागणारच असेल तर वरचा जबडा तुकड्यात कापून एकाच वेळी रुंद पण करता येतो, म्हणजे दोनदा भूल नको. पण थोड्या रुंदीसाठीच ते बरं, त्यात मिळालेली रुंदी परत आकसायची भीती जास्त. जास्त रुंदी हवी असेल तर आधी सार्पी किंवा मार्पी आणि मग दुसरं.

जाता जाता, हा शोध कोरियातला नवा वगैरे ऐकाल. स्क्रूवर टेकवणं नवीन आहे, पण टाळू रुंद करायला फिरवायची पट्टी बसवायची कल्पना १८६० ची, सॅन फ्रान्सिस्कोत इमर्सन अँजेल नावाच्या दंतवैद्यानं चौदा वर्षांच्या मुलीला बसवलेली. त्याच्याच काळातल्या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं होतं. चौदा वर्षं. तुमच्या शाळेतल्या डॉक्टरांची चिठ्ठी पण त्याच वयाची होती ना.

उद्यमनगर_९६

मॅडम हे शेवटचं वाक्य पप्पांना वाचून दाखवलं. गप्प बसलेत.

नाकाचं पण विचारायचं होतं, रुंद केल्यावर नाक मोकळं होतंय का? घोरणं?

तारांची_डॉक्टर

टाळू म्हणजेच नाकाची जमीन, त्यामुळं हाड खरंच उघडलं तर नाकातली वाट रुंद होते आणि बऱ्याच जणांना श्वास सोपा वाटतो. पण नाकातला पडदा वाकडा असेल, ॲलर्जी असेल, तर ते या किल्लीनं जात नाही, कान-नाक-घसावाल्यांना आधी दाखवा. घोरण्यासोबत झोपेत श्वास थांबत असेल तर झोपेची तपासणी आधी, मग जबडा. नाकपुड्यांची बूड थोडी रुंद होते, लग्नाच्या फोटोचा विचार असेल तर आत्ताच माहीत असलेलं बरं. आणि मावा, तंबाखू, सिगारेट काही असेल तर बंद, स्क्रू सैल होण्यात आणि जखम न भरण्यात त्याचा हात मोठा असतो. फौंड्री म्हणालात म्हणून विचारते.

उद्यमनगर_९६

मावा होता. सोडतो.

गडहिंग्लजकर

खर्चाचं बघत असाल तर शिकवणाऱ्या कॉलेजांना पण दाखवा, न्यू पारगावचं डेंटल कॉलेज आपल्या जवळ, नाहीतर बेळगावचं केएलई, कराडचं कृष्णा. तारावाले आणि सर्जन एकाच इमारतीत असतात हा मोठा फायदा, दोघं एकमेकांसमोर बोलतात. आपल्याला दोन गावच्या दोन डॉक्टरांमधी निरोप्याचं काम करायला लागत नाही. वेळ मात्र जातो, ओपीडीला सकाळीच जा.

तालमीतला_गडी

मी जीभ सोडली. दाढी ठेवलीय.

उद्यमनगर_९६

तीन आठवड्यांनी परत आलोय, उगाच धागा अर्धवट सोडणाऱ्यांतला नाही.

सीबीसीटी काढला. सांधा सी, मागच्या बाजूला थोडा भाग डी कडं झुकलाय असं रिपोर्टात लिहिलंय. दोन्ही बाजू सारख्याच अरुंद निघाल्या, मॅडम बरोबर होत्या, हनुवटी दात मिटतानाच उजवीकडं जाते, तोंड उघडलं की मधोमध. हाडात ५ मिमी कमी. अलाईनरवाल्यांना आकडा विचारला तर त्यांनी मला ब्रोशर दिलं.

रिपोर्ट घेऊन सांगलीला परत गेलो. ते स्कॅन बघून म्हणाले मी पहिल्यांदा बोललो त्यापेक्षा बरं आहे, तरी माझं मत निम्मं-निम्मं. मग राजारामपुरीत सरळ विचारलं, किती फिरक्यांनंतर तुम्ही हार मानणार? हे पॅसेंजरदादांमुळं सुचलं. डॉक्टर हसले, आणि आकडा ठरवून केसपेपरवर लिहून दिला. तेवढ्या फिरक्यांत फट पडली नाही किंवा दाढा कलायला लागल्या तर थांबायचं, अजून थोडं अजून थोडं करायचं नाही, आणि मग सार्पी. सांगलीच्या सर्जनचा नंबर पण त्यांनी स्वतःच घेतला. हे मला पटलं. मार्पीचा खर्च वाया जाईल ही शक्यता धरूनच पैसे बाजूला काढलेत. ऑपरेशनचं घरी अजून बोललो नाही, आईला एकावेळी एकच धक्का.

जोतिबाची यात्रा झाली की स्क्रू. किल्ली फिरवायचं काम पप्पांनी मागून घेतलंय. डॉक्टरनी सरावाला प्लास्टरचा साचा आणि जुना एक्सपांडर दिला होता, काल रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून, मोबाईलची बॅटरी तोंडात धरून बसले आणि पहिलीच फिरकी उलटी दिली.

पाचगाव_टेकडी

माझ्या भावानं पण दिली होती! बाणाची खूण असते बघ बारीक, ती आधी शोधायला सांग. आणि बॅटरी तोंडात नको म्हणावं, दुसऱ्या कुणाकडं तरी दे, एका हातानं जमत नाही ते.